गरम पाणी येत नाही, म्हणजे नक्की काय?

थंडी पडायला लागली की घरातून, फ्लॅटमधून आणि हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरे, गरम पाणी येत नाहीये!" त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. बाबा म्हणतात, गिझर जुना झालाय, बदलून टाकू. दुकानदार म्हणतो, पंधराचा काढा, पंचवीसचा लावा. प्लंबरकाका येतात, शॉवर काढून दोनदा आपटतात, फुंकर मारतात, परत लावतात आणि पैसे घेऊन जातात. हॉस्टेलवर तर याहून सोपा उपाय आहे, आंघोळीची गोळी!

या सगळ्यात पहिला प्रश्न कोणी विचारतच नाही. गरम पाणी येत नाही म्हणजे नक्की काय होतंय? अजिबात येत नाही, का कोमट येतं? येऊन संपतं, का मध्येच गार होतं? या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पण आपण सगळ्यांना एकाच वाक्यात कोंबतो आणि मग नवीन गिझर येऊनसुद्धा पाणी तसंच! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

मित्रमैत्रिणींनो, आपण थर्मोडायनॅमिक्स शिकतो, फ्लुइड मेकॅनिक्स शिकतो, हीट ट्रान्सफरच्या न्यूमेरिकल्सनी वह्या भरतो. बॉयलरची एफिशिअन्सी काढायला सांगा, लगेच काढून देऊ. पण घरातल्या गिझरने १५ लिटर पाणी तापवायला किती वेळ घ्यायला हवा, हे किती जणांनी कधी काढून बघितलंय? माझं मत असं की इंजिनिअरिंगचा पहिला प्रॅक्टिकल बाथरूममध्येच घ्यायला हवा. जर्नल नाही, व्हायव्हा नाही, आणि रिझल्ट लगेच अंगावर!

आता थोडं मराठी. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. 'एकोणसाठ' म्हटलं की अजूनही आधी मनातल्या मनात फिफ्टी-नाइन करून बघावं लागतं. पण आजीने शिकवलेला एक शब्द मला कुठल्याच इंग्लिश पुस्तकात सापडला नाही, तो म्हणजे विसण. बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचं आणि अंगाला सोसेल इतपत होईपर्यंत त्यात जे गार पाणी घालायचं ते विसण. आपल्या बाथरूममधला मिक्सर दुसरं काय करतो? विसणच घालतो. फरक एवढाच की बादलीतलं विसण डोळ्यांना दिसतं, पाइपातलं दिसत नाही. त्यामुळे शॉवरची तक्रार कधी गरम पाण्याची असते, तर कधी विसणाची. आपण मात्र दर वेळी गिझरलाच फाशी देतो.

तर साहित्य: एक बादली, लिटरची एक बाटली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि लॅबमध्ये असतो तसा ० ते ११० डिग्रीचा थर्मामीटर. (तापाचा थर्मामीटर आणू नका, त्याची पट्टी ४२ डिग्रीला संपते!) शॉवरखाली एक मिनिट बादली धरा, किती लिटर पाणी जमलं ते बाटलीने मोजा आणि तापमान बघा. या दोन आकड्यांवर निम्मं निदान होतं.

पहिली तक्रार: "पाणी कोमटच येतं." आधी गिझर कुठला आहे ते बघा. भिंतीवर छोटासा ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर असेल तर गणित असं. थंडीत टाकीतलं पाणी २० डिग्री धरू, आंघोळीला ४० हवं. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे ३ किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम २.१ लिटर पाणी २० डिग्रीने तापतं. शॉवरमधून मात्र मिनिटाला सहज ८ लिटर पडतं. तेवढ्या पाण्याचं तापमान वाढणार फक्त सव्वापाच डिग्री! शॉवरसाठी पुरेल असा इन्स्टंट गिझर हवा असेल तर ११ किलोवॅटचा लागेल आणि तो जवळजवळ ५० अँपिअर ओढेल. घरातले दिवे, फॅन आणि शेजारच्यांची शांतता, सगळं एकदमच जाईल.

म्हणजे हा बिघाडच नाही. गिझर बिचारा त्याचं काम चोख करतोय, त्याला नेमलंय चुकीच्या कामावर. तो बादलीसाठी आहे. नळ बारीक सोडून ७-८ मिनिटांत बादली भरा आणि मजेत आंघोळ करा. शॉवरच हवा असेल तर स्टोरेज गिझर घ्या किंवा कमी पाणी सोडणारा शॉवर लावा. ही गोष्ट विकताना दुकानात सांगितली जात नाही आणि घेताना आपण विचारत नाही.

दुसरी तक्रार: "येतं, पण लगेच संपतं." हा स्टोरेज गिझरचा प्रांत. १५ लिटर पाणी ६० डिग्रीला तापलंय, त्यात २० डिग्रीचं विसण पडतंय, तर ४० डिग्रीचं ३० लिटर पाणी मिळणार. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर असेल तर पावणेचार मिनिटांत खेळ खलास! त्यानंतर तेच १५ लिटर परत तापायला २ किलोवॅटच्या गिझरला २१ मिनिटं लागतात. नरक चतुर्दशीला पहाटे घरातल्या पाच जणांना एकामागोमाग उटणं लावून पहिली आंघोळ करायची असते, तेव्हा तिसऱ्या नंबरवरचा माणूस का ओरडतो ते आता लक्षात आलं असेल. नंबर लावताना मध्ये वीस-वीस मिनिटं सोडा, भांडणं मिटतील.

आता २१ मिनिटांच्या जागी ३५ मिनिटं लागत असतील तर? आधी व्होल्टेज बघा. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १८० व्होल्ट येत असतील तर २ किलोवॅटचा गिझर सव्वा किलोवॅटच्याही खाली येतो. ज्यांच्या गावाकडे संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि पाणी नीट तापतं, दिवा जातो, तरी बादलीभरही धड मिळत नसेल तर पाइप उलटसुलट जोडलेत का ते बघा. उभ्या गिझरमध्ये गार पाणी तळाशी सोडतात आणि गरम पाणी वरच्या टोकातून उचलतात, कारण गरम पाणी हलकं असतं आणि वर राहतं. इनलेट-आउटलेटची अदलाबदल झाली की गार पाणी वरून पडतं आणि सगळं ढवळून निघतं. पाणी तापवलंय, वीज जळली आहे, पण हातात येतं कोमट. नवीन गिझर बसवल्यावर किंवा टाइल्सचं काम झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल तर ही शंका पहिली घ्या. निळी खूण इनलेटची, लाल आउटलेटची. इतकं सोपं!

इथे एक गैरसमज. "बोअरचं पाणी आहे, कॉइलवर क्षार बसलेत, म्हणून पाणी उशिरा तापतं." क्षार बसतात हे खरं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, आणि तापवलं की त्यातला चुना पांढरा थर होऊन बसतो. पण कॉइल पाण्यात बुडालेली आहे. ती २ किलोवॅट वीज घेत असेल तर ती उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? फर्स्ट लॉ क्षारांनासुद्धा लागू आहे! थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला तर त्याला पाण्याचं तापमान नीट कळत नाही, आणि टाकीच्या तळाशी गाळ साचला की पाण्याला जागा कमी उरते. म्हणून वर्षातून एकदा टाकी धुऊन घ्यावी, हे बरोबर. गॅस गिझर आणि सोलरचं मात्र वेगळं. तिथे थर बसला की उष्णता पाण्यात न जाता हवेत निघून जाते आणि पाणी खरंच कमी तापतं.

तिसरी तक्रार माझी आवडती: "मध्येच गार, मध्येच चटका." तुम्ही साबण लावून उभे, तेवढ्यात कोणीतरी फ्लश दाबतो आणि अंगावर कढत पाणी! कारण सरळ आहे. फ्लश आणि शॉवरचं गार पाणी एकाच पाइपातून येतंय. फ्लशने पाणी ओढलं की शॉवरकडे विसण कमी पडतं. स्वयंपाकघरातला गरम नळ उघडला तर उलटं, शॉवर गारढोण. वरच्या मजल्यावर हे जास्त होतं, कारण तिथे गच्चीवरच्या टाकीची उंची कमी मिळते. टाकी शॉवरच्या वर दोनच मीटर असेल तर दाब साधारण ०.२ बार. त्यातून थोडा जरी गेला तरी उरतं काय? उपाय म्हणजे बाथरूमला टाकीपासून स्वतंत्र लाइन. ते जमत नसेल तर दारावर टकटक करून सांगण्याची पद्धत!

हे फक्त गंमतीचं नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ यांनी भाजण्यावर केलेलं काम आजही आधार म्हणून वापरतात. ४९ डिग्रीच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी गंभीर भाजायला काही मिनिटं लागतात, ६० डिग्रीला सुमारे ५ सेकंद पुरतात. आपण उडी मारून बाजूला होतो. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना ते जमत नाही. घरात अशी माणसं असतील तर थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा आणि त्यांच्यासाठी बादलीत हात घालून बघायची जुनी पद्धतच बरी.

फ्लशही नाही, दुसरा नळही नाही, तरी पाणी कोमट होतंय? मग ही चाचणी करा. गिझरचा स्विच बंद करा, त्याच्या इनलेटचा कॉक बंद करा आणि बाथरूममधला फक्त गरम नळ उघडा. पाणी थोडं येऊन थांबायला हवं. येतच राहिलं तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. मिक्सरच्या आतला भाग झिजलेला असतो, किंवा गार लाइनला प्रेशर पंप आणि गरम लाइन सोलरच्या टाकीवरून नुसत्या उतारावर, अशी विषम जोडी असते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा मिक्सरचा नवा कार्ट्रिज, एवढ्यात काम भागतं. हे न बघता पंचवीसचा गिझर लावलात तर पंचवीस लिटर कोमट पाणी मिळेल.

गॅस गिझरची तऱ्हा आणखी न्यारी. तो ठरावीक उष्णता देतो. पाणी कमी सोडलं की जास्त तापतं. आता शॉवर कढत लागतोय म्हणून आपण काय करतो? गरम नळ थोडा बंद करतो. गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, म्हणून ते आणखी तापतं, आणि पाइपातून आपल्यापर्यंत पोचायला १५ सेकंद लागतात. १५ सेकंदांनी चटका बसतो, आपण नळ आणखी बंद करतो, पाण्याचा जोर इतका कमी होतो की बर्नरच विझतो आणि मग बर्फासारखं पाणी. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात डेड टाइमवर प्रश्न येतो ना, तो हाच! उपाय: गरम नळ पूर्ण उघडा ठेवा, गॅसची चावी कमी करा आणि प्रत्येक बदलानंतर मनात वीस आकडे मोजा.

चौथी तक्रार, "येतं, पण उशिरा," फार लांबवत नाही. गच्चीवरच्या सोलरपासून तुमच्या नळापर्यंत २० मीटरचा, २० मिलिमीटर व्यासाचा पाइप असेल तर त्यात ६ लिटरहून जास्त गार पाणी भरलेलं असतं. ते आधी बाहेर येणारच. ते बादलीत धरा, विसणाला किंवा फरशी पुसायला वापरा, आणि पाइपावर इन्सुलेशन घाला.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात चुकलं तर फार तर सर्दी होईल. आता जे सांगणार आहे त्यात तसं नाही.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर त्याचं ट्रबलशूटिंग करूच नका. तो बाहेर काढा. मत वगैरे बाजूला ठेवून हेही गणितच बघा. साधारण १० किलोवॅट उष्णता पाण्याला देणारा गिझर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो, आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साडेपंधरा किलो हवा लागते. आपली बाथरूम ५ बाय ७ फुटांची, ८ फूट उंच, म्हणजे ८ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर १० मिनिटांत जवळपास २ घनमीटर हवेतला ऑक्सिजन गिझरने संपवलेला असतो. म्हणजे पाव खोली! आणि ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजी गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला कोणी वास घातलेला नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, गरगरतं, पाय लटपटतात, आणि काय होतंय हे कळून कडी उघडेपर्यंत माणूस खाली पडलेला असतो. कडी आतून लावलेली. बाहेरच्यांना वाटतं, आज आंघोळ लांबली. दर थंडीत अशा बातम्या येतात. आपण "अरेरे" म्हणतो आणि पान उलटतो.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याने फ्लॅट शोधत होतो. एका दिवसात सात फ्लॅट बघितले. त्यातल्या तीन ठिकाणी गॅस गिझर बाथरूमच्या आत होता, आणि एकीकडे तर थंडी आत येते म्हणून खिडकीच्या काचांवर पुठ्ठा चिकटवलेला. मी विचारलं तेव्हा एजंटकाका म्हणाले, "अहो मॅडम, सगळीकडे असंच असतं. इतकी वर्षं चाललंय की." हे 'चाललंय की' मला सगळ्यात जास्त खटकतं. दहा वर्षं चालला म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. दहा वर्षं कोणीतरी खिडकी उघडी ठेवत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

"पण गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत नेला तर पाणी उशिरा येईल ना?" हो, येईल. वर सांगितले तेच १५ सेकंद. त्या १५ सेकंदांच्या बदल्यात काय मिळतंय ते बघा आणि ठरवा.

काही जण म्हणतील, एवढं शिकून आता नळ दुरुस्त करत बसायचं का? नाही. पाना प्लंबरकाकांच्याच हातात शोभतो आणि वीजजोडणी इलेक्ट्रिशियनच्या. गिझरचा थर्मल कटआउट सारखा पडतो म्हणून तो थेट जोडून टाकणं, सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो म्हणून बूच मारणं, १६ अँपिअरचा प्लग नाही म्हणून साध्या सॉकेटवर भागवणं, असले उद्योग तर मुळीच नकोत. आपलं काम निदानाचं. "काका, गरम पाणी येत नाही" याऐवजी "काका, इनलेट बंद केला तरी गरम नळाला पाणी येतंय" असं सांगा. काकांचा अर्धा तास वाचेल, तुमचे पैसे वाचतील, आणि काका तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतील!

पुढच्या जूनमध्ये आपल्यातले बरेच जण पुन्हा रूम शोधायला निघतील. आपण विचारतो, वायफाय आहे का, मेस जवळ आहे का, डिपॉझिट किती. त्यात एक प्रश्न वाढवा: गिझर कुठे आहे? आत आणि गॅसचा असेल तर सही करायच्या आधी तो बाहेर बसवून मागा. मालक नाही म्हणाले तर दुसरी रूम बघा. आधीच अशा रूममध्ये राहत असाल तर आजपासून गिझर लावून आत बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. कोणी आत गेलंय आणि हाकेला ओ देत नाहीये असं झालं तर वाट बघू नका. दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

बाकी कोमट पाण्याचं काय, ते आपण बादली आणि स्टॉपवॉच घेऊन सोडवूच. बघा, पटतंय का!